यादीतलं पहिलं नाव

आमच्या घरात एक खासदार राहतो, हे आम्हाला शुक्रवारी दुपारी फोनवरून कळलं. खासदार तेव्हा हॉलमधल्या सोफ्यावर बसून मटार सोलत होते.

खासदार म्हणजे माझे सासरे, अब्बा. वय एक्याऐंशी, देश दक्षिण आफ्रिका, मुक्काम दुबईत अल कुसैसला, आमच्या टू बीएचके फ्लॅटमधल्या उझमाच्या खोलीत. उझमा माझी मुलगी. आजोबा आल्यापासून ती हॉलमध्ये झोपते आणि ही गोष्ट रोज एकदा इंग्रजीतून आमच्या कानावर घालते. मी जहूर परकार, मूळचा रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेडचा. इथे इंडस्ट्रियल एरियात माझं एसीच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. बायको बानू मात्र केपटाउनची. तिच्या पणजोबांच्या काळात आमच्या कोकणातले बरेच मुसलमान बोटीने तिकडे गेले, दुकानं टाकून बसले आणि तिकडचेच झाले. घरात अजून कोकणी बोलतात, पण ती शंभर वर्षांपूर्वीची. लग्न ठरवताना अब्बा पहिल्यांदा माझ्याशी बोलले तेव्हा माझे वारलेले आजोबाच बोलताहेत असं वाटून मी उभा राहिलो होतो. इथे मी त्यांचं बोलणं जरा सोपं करून लिहितो आहे.

सासूबाई वारल्या आणि बानू अब्बांना इकडे घेऊन आली. त्यांचं हृदय अर्ध्याच ताकदीने चालतं, असं इथल्या डॉक्टरने सांगितलं. तेव्हापासून बानूने त्यांचं मीठ, दुसरा चहा, जिना आणि राजकारणाच्या बातम्या बंद केल्या. गेली चार वर्षं तिने त्यांना तळहातावर जपलं, हे मी कुराणावर हात ठेवून सांगेन. फक्त अब्बांना काय हवं ते अब्बांना विचारायची पद्धत आमच्याकडे नव्हती. बानूला ते आधीच ठाऊक असायचं.

आता हा खासदारकीचा प्रकार. बानूचा धाकटा भाऊ झैद केपटाउनला असतो. त्याचं टाइल्सचं दुकान आहे. पाच-सहा वर्षांपूर्वी त्यांच्या भागात बरेच दिवस पाणी नीट येईना. इतर लोकांनी टाक्या बसवून घेतल्या, झैदने पक्ष काढला. नाव 'नेबर्स अलायन्स', म्हणजे शेजाऱ्यांची आघाडी. सुरुवातीला आम्हाला वाटलं, पाणी आलं की पक्ष जाईल. पाणी आलं, पक्ष राहिला. झैद घरोघर फिरायचा, दिवे, गटारं, पेन्शन असे लोकांचे प्रश्न लिहून घ्यायचा आणि खरंच त्यांच्या मागे लागायचा. दुकान त्याची बायकोच बघू लागली. पोराला एकच ध्यास होता, पार्लमेंटमध्ये जायचं. त्याच्यासारखा कामाचा माणूस तिथे बसायला हवा, असं मलाही मनापासून वाटायचं.

तिकडची निवडणूक आपल्यासारखी नसते. आपल्याकडे मतदारसंघातून एक माणूस उभा राहतो आणि येतो किंवा पडतो. तिकडे परदेशातल्या मतदाराला जी मतपत्रिका मिळते तिच्यावर मत पक्षाला द्यायचं असतं. पक्षाला जेवढे टक्के मतं, तेवढे टक्के खुर्च्या. त्या खुर्च्यांवर कोणी बसायचं याची नावांची यादी पक्षाने आधीच देऊन ठेवलेली असते. एक खुर्ची मिळाली तर यादीतलं पहिलं नाव, दोन मिळाल्या तर पहिली दोन. मधला माणूस उचलून वर बसवता येत नाही. झैदला हे सगळं पाठ होतं, सभांमधून तो ते फळ्यावर काढून दाखवायचा. पण स्वतःच्या पक्षाची यादी करायला बसला तेव्हा तो पुढारी राहिला नाही. तो जमातीतला पोरगा झाला.

आमच्या जमातीत कुठल्याही कागदावर नावं वयाप्रमाणे येतात. लग्नाची पत्रिका घ्या. सगळ्यात वर घराण्यातला सगळ्यात म्हातारा माणूस, मग तो अंथरुणाला खिळलेला का असेना. त्याच्याखाली त्याच्याहून जरा कमी म्हातारा. ज्यांनी धावपळ करून मांडव घातला, बिर्याणीच्या देगी उतरवल्या, त्यांची नावं तळाशी, बारीक टायपात. माझ्या चुलतभावाच्या लग्नात छापणाऱ्याने दोन बुजुर्गांची नावं वरखाली केली. त्यातले एक जण बिर्याणीला हात न लावता उठून गेले. ते प्रकरण अजून मिटलेलं नाही, आणि त्या चुलतभावाला आता नातू आहे.

झैदने यादी तशीच केली. पहिलं नाव अब्बांचं. ते चार वर्षं दुबईत असले तरी वयाने तेच सगळ्यात मोठे. दुसरं दाऊदचाचा रावूत यांचं, वय एकोणऐंशी. पुढे असेच आणखी पाच बुजुर्ग. झैद आठवा.

मी फोनवर त्याला म्हटलं, "अरे, तुझं नाव इतकं खाली कसं?"

"दुल्हाभाई, बुजुर्गांच्या डोक्यावर नाव घालून बसू का मी? लोक काय म्हणतील?"

"आणि सीट आली तर?"

"आली तर बघू की. पार्टी आपलीच आहे. वरचे सगळे इज्जतीसाठी आहेत, ते बाजूला होतील."

मला ते पटलं. पत्रिकेतल्या पहिल्या नावाने कधी नवरीशेजारी बसायचा हट्ट धरलेला नाही.

परदेशातल्या मतदारांचं मतदान आधी असतं. आमच्याकडे दोनच मतं, बानूचं आणि अब्बांचं. बानूने उझमाच्या शाळेतल्या दक्षिण आफ्रिकन टीचरांना केक खाऊ घालून आणखी काही जमवली. अब्बांनी कपाटातून त्यांचा राखाडी सूट काढला. तो त्यांना दोन माप सैल झाला होता. मी खालच्या टेलरकडे नेला. त्याने दोनशे दिरहॅम सांगितले.

"दोनशे दिरहॅम! साडेचार हजार रुपये," मी म्हणालो.

"हजार रँड," अब्बा म्हणाले.

शेवटी मी पैसे दिले.

वकिलातीत रांग होती. नर्सेस, मास्तर, दोन पायलट, रग्बीचा शर्ट घातलेलं एक अख्खं कुटुंब. अब्बांना सगळ्यांनी पुढे जाऊ दिलं. ते पडद्याआड गेले आणि येईचनात. बानू कासावीस झाली, दोनदा तिने आत डोकवायचा प्रयत्न केला आणि दोनदा तिला सभ्यपणे मागे पाठवण्यात आलं. शेवटी अब्बा बाहेर आले.

"नाना, हूम डिड यू व्होट फॉर?" उझमाने विचारलं.

"इट इज अ सीक्रेट बॅलट," नाना म्हणाले, आणि थेट गाडीकडे चालू लागले.

पक्षाला एक खुर्ची मिळाली. कशी मिळाली ते आजवर कुणाला नीट कळलेलं नाही. एका खुर्चीला चाळीसेक हजार मतं लागतात आणि तिकडच्या सगळ्या कोकणी माणसांची, तान्ही बाळं धरून, बेरीज केली तरी तितकी होत नाही. झैदचं म्हणणं, जनता बदलाला भुकेली आहे. माझं म्हणणं, मतपत्रिकेवर आमच्या लगेच खाली एका फार मोठ्या पक्षाचा चौकोन होता. मी हे त्याला बोललो नाही. आनंदाचा दिवस होता.

त्या शुक्रवारी त्याचा व्हिडिओ कॉल आला. मागे ढोल वाजत होते, कोणीतरी पेढे वाटत होतं. झैद हसतही होता आणि डोळेही पुसत होता.

"अब्बा, मुबारक! तुम्ही एमपी झालात!"

"कोण?" अब्बांनी हातातली शेंग खाली ठेवली.

"तुम्ही! लिस्टमध्ये फर्स्ट ना तुम्ही! घाबरू नका, एक सही करायची. रेझिग्नेशनचं लेटर मेल केलंय. दुल्हाभाई, प्रिंट काढा प्लीज. अब्बांची सही झाली की दाऊदचाचा करतील, मग बाकीचे. सगळे तयार आहेत. खलास, तीन-चार दिवसांचं काम."

बानूने आनंदाने अब्बांच्या डोक्यावरून हात फिरवला, जसा लहान मुलाच्या फिरवतात. "सही करून टाका, अब्बा. आपला झैद पार्लमेंटमध्ये चाललाय."

अब्बांनी पुन्हा शेंगा सोलायला घेतल्या.

दुसऱ्या दिवशी कळलं की सगळे तयार आहेत, पण एका अटीवर. दाऊदचाचांनी झैदला सांगितलं होतं, "आधी तुझ्या बापाला उठू दे. जेवताना दस्तरखानावरून सगळ्यात मोठा माणूस उठल्याशिवाय दुसरा कोण उठतो?" खालच्या पाचांनीही हेच सांगितलं, आपापल्या शब्दांत. म्हणजे झैदची पाच वर्षांची मेहनत एका सहीवर येऊन थांबली, आणि ती सही आणायचं काम माझ्याकडे आलं. शपथविधीला आठवडाही उरला नव्हता.

मी दुकानात प्रिंट काढली. संध्याकाळी कागद आणि पेन अब्बांपुढे ठेवलं.

"ठेव तिथे," ते म्हणाले. "वाचतो."

"तीनच ओळी आहेत, अब्बा."

"मग लवकर होईल."

ते झालं नाही. रविवारी कागद टीपॉयवर होता. सोमवारी त्याच्यावर औषधांचा डबा होता. मी विचारलं की अब्बा म्हणायचे, "इन्शाल्ला." इतकी वर्षं गल्फमध्ये धंदा करून मला या शब्दाचे सगळे प्रकार कळतात. हा पेमेंट न मिळण्याचा प्रकार होता.

त्यातच सोमवारी सकाळी पार्लमेंटच्या ऑफिसातून एका बाईंचा फोन आला. बानू स्वयंपाकघरात, मी दुकानात निघालेलो. फोन अब्बांनीच उचलला आणि तो चुकून स्पीकरवर गेला. बाईंनी 'ऑनरेबल मेंबर' म्हणून सुरुवात केली. आमच्या घरात अब्बांना 'अब्बा, पाय वर घ्या, फरशी पुसायची आहे' अशी सुरुवात ऐकायची सवय. ते सोफ्यावर ताठ बसले. बाईंनी केपटाउनला कधी पोचणार ते विचारलं, शपथ कुठल्या भाषेत घेणार ते विचारलं, मग जेवणात काही पथ्य आहे का ते विचारलं.

"काही नाही," अब्बा म्हणाले. "मीठ चालतं."

स्वयंपाकघरात काहीतरी खाली पडलं.

त्या दिवसापासून उझमा त्यांच्या बाजूची झाली. शाळेतून आली की ती आयपॅडवर पार्लमेंटच्या कामकाजाचे नियम मोठ्या अक्षरांत उघडून द्यायची, आणि दोघं वाचत बसायची. "ही इज रीडिंग एव्हरी सिंगल रूल, डॅडी. इव्हन द पार्किंग." मी तिला तिची खोली परत मिळणार म्हणून हे चाललंय का, असं विचारलं. ती म्हणाली, "दॅट्स अ सेपरेट इश्यू."

माझं डोकं तापायला लागलं होतं. दिवसाला झैदचे दहा फोन. त्याचा आवाज आता बारीक झाला होता. तिकडे जमातीत कुजबुज सुरू झाली होती की बापानेच पोराची खुर्ची दाबली. मी स्वतःशी म्हणायचो, म्हातारा माणूस आहे, चार दिवस मिरवू दे. पण चार दिवस संपत आले होते. शेवटी मंगळवारी जेवणाच्या वेळी मी झैदला स्पीकरवर घेतलं, फोन वरणाच्या भांड्याला टेकवून उभा केला आणि कागद अब्बांच्या ताटाशेजारी ठेवला.

"अब्बा, सही करा आणि जेवा," बानू म्हणाली. "भात गार होतोय."

"मी सही करणार नाही," अब्बा म्हणाले.

फोनमधून झैदचा श्वास ऐकू आला. "अब्बा, मस्करी नको. फ्रायडेला शपथ आहे."

"म्हणून तर सांगतोय. माझं तिकीट काढ."

"अब्बा!" झैदचा आवाज फाटला. "पाच वर्षं मी दारोदार हिंडलोय. माझ्या पोरांनी बाप बघितला नाही. तुमचं नाव मी इज्जतीसाठी टाकलं होतं!"

"ठाऊक आहे. मग आता काढतोस कशाला?"

 

"तिथे काय काम असतं, कळतंय का तुम्हाला?" बानूने विचारलं.

"उमेदवारीच्या संमतीचा कागद आला होता, त्याची सगळी पानं मी वाचलीत. निवडून आलो तर काम करायला तयार आहे, असं लिहिलं होतं. मी विचार केला आणि सही केली. तुम्ही तो वाचला नाहीत." त्यांनी भातावर वरण घेतलं. "झैद, पोरा, तू केलंस ते मी रोज बघितलंय. बानू झोपली की उझमा मला तुझी भाषणं लावून देते. चांगला बोलतोस. जरा लांबवतोस."

आता मात्र मला राहवेना. मी हात जोडून, पण आवाज चढवून म्हणालो, "अब्बा, एक सही तर आहे. सगळ्यांच्या भल्याचंच आहे ना!"

अब्बांनी घास खाली ठेवला आणि माझ्याकडे वळले. चार वर्षांत ते माझ्याकडे असे कधी वळले नव्हते.

"जहूर, मी तेवीस वर्षांचा होतो. आमचा मोहल्ला गोऱ्यांसाठी ठेवायचा असं सरकारने ठरवलं. घर खाली करा म्हणून एक माणूस कागद घेऊन आला. बापाला इंग्लिश येत नव्हतं, मला येत होतं. माणूस वाईट नव्हता. आमच्याकडे चहा प्यायला. मला म्हणाला, एक सही तर आहे, सगळ्यांच्या भल्याचंच आहे. मी केली. घर पाडलं. मशीद ठेवली, पण तिच्याभोवती नमाजाला यायला माणूस ठेवला नाही. आणि ती जागा कुणी घेतलीच नाही, जहूर. अजून गवत आहे तिथे. बाप मरेपर्यंत मला त्याबद्दल एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं."

उझमाने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला, अब्बा एक घोट प्याले. 

"पन्नाशी उलटेपर्यंत मला मत नव्हतं. आता चुकून का होईना, खुर्ची आहे. तिच्यावर बसून मला एकदा विचारायचंय की ती जागा कुणाला हवी होती. झैदलाही विचारता येईल, माझ्यापेक्षा चांगलं विचारेल. पण सही त्याने केली नव्हती."

मला लाज वाटली. आपल्याच घरात, आपल्याच जेवणाच्या टेबलावर लाज वाटावी याचा थोडा रागही आला. मी तो कागद उचलला, पण त्याचं काय करायचं ते न सुचल्याने गरम पातेल्याखाली ठेवला.

बानूचे डोळे वाहत होते. ती ते पुसतही नव्हती. "आणि तुमचं हार्ट? अब्बा, मी रोज रात्री उठून तुमचा श्वास बघते. तिकडे कोण बघणार? तिथे काही झालं तर?"

"झालं तर दाऊद बसेल," अब्बा म्हणाले. "यादी त्यासाठीच असते."

फोनमधून झैदचा आवाज आला, बसलेला, पण आता भांडणारा नव्हता.

"अब्बा, दाऊदचाचांना शुगर आहे."

"मग तुझा नंबर लवकर येईल."

झैद आधी हसला की रडला, ते मला स्पीकरवरून कळलं नाही. मग तो म्हणाला, "एअरपोर्टला मी येतो. पार्लमेंटमध्ये मेंबरला एक असिस्टंट ठेवता येतो, रूल आहे तसा."

"वाचलाय मी," अब्बा म्हणाले. "अर्ज कर."

बानू ताटावरून उठली. अर्धं जेवण तसंच टाकून ती उझमाच्या खोलीत गेली. आतून कपाटाची दारं उघडल्याचे आणि आपटल्याचे आवाज येऊ लागले. मी उठायला लागलो तर अब्बांनी बसून राहायची खूण केली. मग आतून तिचा आवाज आला, रडका आणि चिडलेला.

"जूनमध्ये तिकडे थंडी असते. तुमचा स्वेटर कुठाय?"

"मला काय माहीत?" अब्बा म्हणाले. "मी आलो त्या दिवशी तूच ठेवून दिलास."